सात चुडे वाढले

हॅलो?… हं, स्वप्नाली, बोल. आवाज का घुमतोय तुझा, कुठे आहेस?… चेण्याला? मालाच्या खोलीत? आज सकाळी सकाळी तिकडे कशी?… काय?… परत सांग. सावकाश. बोंबील साफ करतेय मी, फोन खांद्यावर धरलाय.

…चौदा चुडे गायब. आणि ते आपला माल सांभाळणाऱ्या आनंदीनं नेले.

बरं. मग एवढंच सांग, नेऊन तिला मिळणार काय होतं?… नाही गं, चिडून नाही विचारत. हिशेब विचारतेय. चोरीलाही जमेची बाजू लागते. चौदा हिरवे चुडे, दोन-सहा मापाचे. आता मांड. स्वतः घालणार? हरिश्चंद्र भाऊजी गेल्यापासून तिच्या हाताला हिरवी काच लागलेली नाही. शून्य. लेकीला देणार? लेक नाही, एक साईराज आहे, तो घालत नाही. शून्य. गावात विकणार?… अगं, कोणाला? तिकडे अजून कासार घरी येतो. चहा पितो, गप्पा मारतो, हात दाबून दाबून एकेक बांगडी चढवतो. तो मान सोडून आनंदीकडून खोक्यातला चुडा कोण घेणार? आणि लग्नघरात तिच्या हातून तर… असो. मला ते पटत नाही, पण आहे तसं आहे. म्हणजे तेही शून्य.

आता खर्चाची बाजू. सापडली तर पगार गेला, खोलीचं भाडं गेलं, आणि नात्यात तोंड दाखवायची सोय गेली. असला सौदा आनंदी करेल? कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता फुकट मिळाल्याशिवाय भाजीवाल्याला न सोडणारी बाई आहे ती.

…हो, हो… अगं ऐक ना… बरं, तू बोल. मी गप्प बसते.

…हं… हं… थांब. मी गप्प बसणार होते, पण थांब. साइटवर चौदा दिसत होते, आणि तू फळी बघायला गेलीस तर एकही नाही. आणि सकाळपासून किती ऑर्डर पडल्या?… अकरा. पैसे भरून? सगळ्यांनी?… आणि त्यातली एक परवाच्या लग्नाची.

मग मला काय फोन करत बसलीस? आधी तो चुडा साइटवरून काढ. काकणघरची सगळी साइट बंद नको करू, तेवढा एक चुडा. निकेतला कळव. तुझा नवरा घरी आहे ना, पूनम सागरला?… मग मेसेज टाक त्याला, मी आहे इथेच.

…

सुलू, ते ताट राहू दे, आधी कुकर घास. आणि कान इकडे लावायचे तर लाव, पण हात चालू ठेव.

…हं, टाकलास? थांब, मीही बघते माझ्या टॅबवर. हात पुसते… हे काय. अजून लिहून येतंय, 'फक्त तीन शिल्लक, घाई करा.' कोण घाई करणार? घाई आपल्यालाच लागलीय… हं, आता गेलं. 'सध्या उपलब्ध नाही.' बघ, किती बरं वाटलं. खरं बोललो आज पहिल्यांदा.

आता रडू नकोस. अकरा बायकांना चुडा कसा द्यायचा ते मी बघते, ते काही अवघड नाही. अवघड आहे ते दुसरं. तू आनंदीला काय म्हणालीस?… नाही, तुझ्या शब्दांत. मनात काय होतं ते नको सांगू, तोंडातून काय निघालं ते सांग.

…'काकू, एकदा घरात बघून घेता का?'

वा. चांगला सभ्य शब्द शोधलास. चोर म्हणाली असतीस तर तिनं निदान भांडून तरी घेतलं असतं… नाही, तुला तसं म्हणायचं नव्हतं, माहीत आहे मला. तुझ्या खोलीला चिकटून तिची ओटी, किल्ली एकटीकडे, आणि तू म्हणतेस घरात बघून घ्या. म्हणायचं काय राहिलं त्यात?

बरं, रुसली असेल, बसली असेल आत जाऊन. तिच्याकडे नंतर येऊ. आधी हे चौदा शोधू. हातात आकडा घेऊन गेलीस तर माफी तरी नीट मागता येईल… शोधणार म्हणजे काय, सापडणारच. माल हवेत उडत नाही आणि आकडे आपणहून चालत नाहीत. बस तिथे. स्टूल आहे ना? बस.

पहिलं सांग. कार्टात टाकून ठेवलेले किती होते? टाकायचं आणि घ्यायचं नाही, असे… हं, वीस मिनिटं अडवून ठेवता आणि मग सोडता. अगं, आम्ही काय वेगळं करायचो? नवघरला बबन कासाराकडे बसायचं, हात पुढे करायचा, चार डझन उतरवायला लावायच्या, आणि मग म्हणायचं, ह्यांना विचारून येते. तेवढा वेळ तो त्या बाजूला ठेवायचा. ती कार्टच की… पण ते सुटले की परत आकड्यात येतात ना? एकदाच येतात ना, दोनदा नाही?… निकेतनं तपासलंय. ठीक. ते भोक बुजलेलं.

दुसरं. परत आलेले? माप चुकलं, नवरीनं आणखी दोनदा जेवून घेतलं, असं काही… या मापात एकही परत नाही. बरं.

तिसरं. एकाच क्षणी दोघींनी शेवटचा चुडा घेतला, हे मागे झालं होतं ना… ते गणपतीच्या आधी दुरुस्त केलंय. छान. जावईबापूंना हे सगळं येतं, मी नाही कुठे म्हणतेय. लोकांचे जावई अमेरिकेतून कंपन्या चालवतात, निकेत एकटाच पूनम सागरातून आपलं दुकान चालवतो.

…अगं थट्टा करतेय. हसलीस ना? हसायचं. हसलं की डोकं चालतं.

थांब, बेल वाजतेय… कौन है?… अरे भाईसाब, टँकर का मेरे को मत पूछो, सेक्रेटरी को पूछो. बी विंग, दूसरा माला… नहीं नहीं, मैं नहीं है सेक्रेटरी, मैं तो खाली सबका हिसाब देखती… हाँ, जाओ. लिफ्ट चालू है… हं, बोल गं. पाण्याचा टँकरवाला होता. सोसायटीचं नाव इंद्रलोक ठेवलंय, आणि पाणी टँकरनं चढवतात.

आता मी सांगते ते कर. कागद आहे?… मोबाइलमध्ये नको, कागदावर. फरक किती? चौदा. त्याचे अर्धे कर.

…सात, बरोबर. आता सातचा आकडा शोध.

…कशाला म्हणजे? माझी सगळी नोकरी या एका युक्तीवर निघाली. ताळेबंद जुळत नाही, आणि फरक सम आकड्याचा आहे, तर त्याचे अर्धे करायचे आणि तेवढी रक्कम कुठे आहे ते बघायचं. जी खर्चात जायला हवी होती ती जमेत पडलेली असते. एकदा वजा व्हायची राहिली आणि वर एकदा मिळाली, म्हणून फरक दुप्पट. कळलं?… कळलं नाही तर राहू दे. सात शोध. या दोन-सहा मापाच्या चुड्यात, गेल्या आठवड्यात, कुठे सात आलेत का?

…बघ, बघ सावकाश. विकलेले सोडून दे, ते एक-एक, दोन-दोन असणार. एकदम सात.

…शनिवारी. खोका आला तो दिवस. हं, काय लिहिलंय?… आधी पंचवीस जमा. ते खोक्यातले, बरोबर. आणि त्याच्याखाली?… सात जमा.

कोणी दिले हे सात? फिरोजाबादचा माणूस पंचवीसच्या बिलावर बत्तीस पाठवतो का? तो एक बांगडी जास्त घालत नाही, दोरीसुद्धा मोजून घालतो… मग आले कुठून? या आकड्यापुढे काय लिहिलंय, कोणी घातला?… 'आवाज.' म्हणजे आनंदीच्या बोलण्यावरून.

हां. आता जरा मला नीट समजू दे, वय झालं माझं. आनंदी संध्याकाळी त्या टॅबमध्ये बोलते, आज काय आलं, काय कमी झालं. निकेतचा प्रोग्राम ते ऐकतो. आकडा आणि पुढचा शब्द पकडतो. आणि साइटवरचा स्टॉक आपोआप वर किंवा खाली. मध्ये माणूस कोणी नाही… म्हणजे माणूस ऐकतच नाही. तू ऐकतेस का कधी?… सुरुवातीला ऐकायचीस. हं.

मग आज ऐक. टॅब तिथेच आहे ना? शनिवारची लाव. फोनजवळ धर, मला पण ऐकू दे… सुलू, नळ बारीक कर… लाव.

…

…परत लाव.

…

'स्वप्नाली, खोका उघाडला. दोन-सहाचं पंचवीस आलं. त्यातलं सात चुडं वाढलं. बाकी ठीक हाय.'

…नाही, हसत नाहीये. हो, हसतेय. अगं देवा. थांब, टॅब आडवा पडला माझा.

तुला काय ऐकू आलं?… सात वाढले. म्हणजे?… सात जास्त आले. तुलाही तसंच वाटलं? बाई गं. तुला तर इंग्रजी शाळेत घातलं होतं, हे माझ्या लक्षातून गेलंच. थांब, मी एका तज्ज्ञाला विचारते.

सुलू, बांगडी वाढली म्हणजे काय झालं गं?…

सुलू म्हणते, फुटली. आणि वर विचारतेय, कोणाची.

…फुटली गं, फुटली. बांगडी फुटली असं तोंडानं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. चुड्याला तर मुळीच नाही. खोक्यात सात चुडे फुटून आले, तेच ती सांगत होती. आणि आपल्या यंत्रानं तिला काय ऐकलं? सात जास्त… निकेतनं शब्दांची यादी केलीय ना? सांग बघू काय काय आहे त्यात. आल्या, मिळाल्या, वाढल्या, हे जमेला. गेल्या, संपल्या, फुटल्या, हे खर्चाला… व्याकरण अगदी चोख. फक्त आनंदी यातला खर्चाचा एकही शब्द उच्चारत नाही.

अगं, विचार त्याला, पूनम सागरच्या घराची वास्तुशांत केली तेव्हा नारळ कोणी वाढवला? त्यानंच ना? तेव्हा स्टॉकमध्ये एक नारळ जमा केला होता का?… नाही, एकाचे दोन झाले होते, तेवढं खरं आहे त्याचं. त्याला म्हणावं, माझ्या सासूबाई रोज रात्री साडेनऊला दुकान वाढवायच्या. त्याच्या हिशेबानं आमचे भायखळ्यापासून भाईंदरपर्यंत मॉल व्हायला हवे होते.

…ऐक ना… अगं, त्याला वेडा नाही म्हणत मी. त्यानं कोशात बघितलं असेल, वाढणे म्हणजे मोठं होणे. बरोबरच आहे. पण चुड्याच्या दुकानात यंत्र बसवताय, तर चुडा सांभाळणाऱ्या बाईला एकदा विचारायचं, हे तुझ्याकडे कमी झालं की तू काय म्हणतेस.

पुरावा? पुरावा पाहिजे? पाहिजेच, बरोबर आहे. निकेतचा बत्तीसचा आकडा आहे आणि माझी नुसती भाषा आहे. उठ. दाराच्या मागे बघ. गोणी असेल. काचेचा चुरा आनंदी कचऱ्यात टाकायची नाही, कोणाच्या पायाखाली येईल म्हणून. साठवते आणि मग खाडीत सोडते… आहे? जड आहे? उघड. हात घालू नकोस.

…

घातलास ना?… किती लागलं? दाबून धर. रक्त थांबलं की सांग… हिरव्या आहेत का पण?… हिरव्याच. सोनेरी ठिपक्यांच्या? तोच आपला चुडा. मोजायची गरज नाही, फक्त चिठ्ठ्या बघ, प्रत्येक चुड्याला मापाची चिठ्ठी बांधलेली असते… त्याही ठेवल्यात तिनं? बघ. दोन-सहा, दोन-सहा… हं… सात. झालं.

आता मांड. पंचवीस आले, सात वाढले, माझ्या अर्थानं. राहिले अठरा. विकले किती आजपर्यंत?… अठरा. फळीवर शून्य, बरोबर. आणि निकेतचे पंचवीस नि सात बत्तीस, त्यातून अठरा गेले, उरले चौदा. ते चौदा चुडे कोणी नेले नाहीत, बाळा. ते कधी नव्हतेच. सहा दिवस तू नसलेला माल विकायला ठेवलास, आणि आज सकाळी तो नसलेला माल आनंदीच्या घरात शोधायला सांगितलास.

…

बोट दाबून धर. रुमाल आहे का?… मग ओढणीचं टोक. जाऊ दे ओढणी.

हं, आता अकरा ऑर्डरींचं. लिही. जिचं लग्न परवा आहे तिला आत्ता फोन कर, ती कुठली?… ठाण्याची. चांगलं झालं, जवळ आहे. तिला चुडा आज संध्याकाळी पोचेल म्हणून सांग. बाकी दहा जणींच्या तारखा विचार. ज्यांना घाई नाही त्यांना पुढच्या खोक्यातला, ज्यांना थांबायचं नाही त्यांना पैसे परत, आणि प्रत्येकीला तू स्वतः बोल. मेसेज नको. 'तांत्रिक अडचणीमुळे' असलं काही लिहू नको. सांग, बांगड्या वाढल्या होत्या, आमच्या मोजण्यात चूक झाली. बघ तू, त्यांच्या आया लगेच समजतील. एखादी तर दुवाच देईल, नवरीच्या हातात जायच्या आधीच वाढल्या, बरं झालं म्हणून.

…चुडा आणायचा कुठून काय? बबन मेला का? नवघरच्या त्याच दुकानात बसतो अजून, फक्त आता चष्मा लावतो. मी फोन करते त्याला. हिरवा, दोन-सहा, सोनेरी ठिपका. तो आपल्यापेक्षा महाग देईल, आणि देताना ऑनलाइनवाल्यांवर दोन वाक्यं ऐकवेल, ती ऐकून घ्यायची. वरचा फरक काकणघर भरेल. निकेतला पाठव आणायला… बाइकवरून नको. रिक्षानं. मांडीवर घेऊन. नाहीतर परत सात वाढतील. आणि त्याला सांग, बबनकडून मोजून घे. बबन मोजता मोजता बोलत असतो, आणि बारानंतर त्याचे एकदम चौदा येतात.

…ऐक ना, पुढचं. प्रोग्राम बदला. 'वाढले' हा शब्द तिकडून काढून इकडे घाला… तिला सांगायचं? 'काकू, फुटले म्हणत जा'? खबरदार. अजिबात नाही. तिनं तो शब्द एकदाच ऐकलाय, स्वतःच्या मनगटांवर, भाऊजींना उचललं त्या दिवशी. त्यानंतर तिच्या घरात कपसुद्धा फुटत नाही, वाढतो. तुमचं यंत्र नवीन आहे, त्याला शिकवा. ती काय शिकायची ते शिकून बसलीय.

आणि दर रविवारी फळी स्वतः मोजायची, तू. आवाजावर, आकड्यावर, माझ्यावरही सोडायचं नाही. फळीवर दोन उरले की साइटवर 'संपलं' लिहायचं. ते दोन आपले, अडीनडीला… 'संपलं' नको? बघ, शिकलीस. मग काय लिहायचं ते तूच ठरव.

काय?… हो, आता हसायला हरकत नाही. चोरी नाही, चोर नाही, माल जुळला, गिऱ्हाईक सांभाळलं. अर्ध्या तासाचं काम. बोंबील तळायला घेते मी. जा, आनंदीला हाक मार, फोन दे तिच्याकडे. मीच बोलते, तुला अवघड वाटत असेल तर… घरात नाहीये?… कुलूप? मग इकडेतिकडे गेली असेल. दळण घेऊन नाहीतर… किल्ली ठेवून गेली? कोणती किल्ली?… आपल्या खोलीची. टेबलावर.

कधी ठेवली?… तू ते घरात बघायचं म्हणालीस, त्यावर. लगेच? …कनवटीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली. हं. आणि?… आणि काय म्हणाली जाताना?

…

नाही. नीट आठव. 'येते' म्हणाली की 'जाते'?

…फरक आहे गं. तू आठव.

…

'जाते मी.'

…

सुलू, नळ बंद कर पूर्ण.

…आहे. आहे मी फोनवर. ऐकतेय… काही नाही झालं. तुला काय, तुम्ही बाय म्हणता, त्यात येणंही नसतं नि जाणंही नसतं. अगं, शेजारी विरजण मागायला उठली तरी ती उंबऱ्यावरून 'येते' म्हणायची. आम्ही हसायचो, भिंतीपलीकडे तर चाललीयस. भाऊजी दवाखान्यात होते, ती आंघोळीला म्हणून घरी निघाली, तेव्हाही त्यांच्या कानाशी वाकून येते म्हणाली. ऐकू येत नव्हतं त्यांना, तरी. त्यांनाही ती जाते म्हणाली नाही. माझ्या लग्नापासून ओळखतेय मी तिला, या तोंडातून तो शब्द मी ऐकलेला नाही.

…रडू नकोस. आधी रडू नकोस म्हटलं ते वेगळं होतं, आता खरंच नको, वेळ नाही. ती कुठे जाणार? साईराजकडे. तो कुठे असतो कामाला?… घोडबंदर रोडच्या त्या नर्सरीत. तिथेच गेली असेल, चालत. रिक्षाला पैसे घालणार नाही ती. तू निघ. किल्ली घे. टॅब नको, फोनही नुसता खिशात. गोणीतल्या चिठ्ठ्या घे, त्या सातही… मी? मीही निघतेय. बोंबील सुलू बघेल. भेंडीबाजार करून ठेवलाय ओट्याचा, बघेल ती. रिक्षा मिळाली की पोचते.

…काय म्हणू म्हणजे? सॉरी म्हणू नकोस. ते तू पार्सलवाल्यालाही म्हणतेस, पत्ता सापडला नाही तरी म्हणतेस. सांग, काकू, सात चुडे वाढले होते, तुम्ही सांगितलं होतंत, मला कळलं नाही. तिच्याच शब्दात सांग. आणि किल्ली हातात द्यायची, टेबलावर नाही. मग ती काही बोलली नाही तर तू पण बोलू नकोस. उभी राहा.

…घेईल का?… मला नाही माहीत. एवढा वेळ मी सगळं सांगत होते ना तुला, हे मात्र मला माहीत नाही.

…हो… हो, अगं, ऐक ना, जायच्या आधी एकदा जमाखर्च ऐकून घे, म्हणजे तिथे गेल्यावर तुझं तूच चुकीचं मांडणार नाहीस. बबनच्या चुड्यांचा फरक, काकणघरनं भरला. अकरा फोन, तुझ्याकडे. निकेतचा रविवार जाणार प्रोग्रामपायी. तुझं एक बोट, एक ओढणी. माझे बोंबील. हे सगळं पुढच्या खोक्यात भरून निघेल, महिन्यानं आठवणारही नाही.

आणि आनंदीनं एक शब्द भरला. नवऱ्यावरसुद्धा खर्च केला नव्हता, तो तिनं आज तुझ्यावर केला.

…हं. निघ. ठेव आता.